रॅकेट ठेवली आणि आरोग्य शिकवायला घेतले: हे कितपत ग्राह्य मानावे?

तिसरा_सेट:
‘निर्मोही’ यांनी परवा एका निवृत्त व्यावसायिक टेनिसपटूच्या नव्या व्यवसायाचे भरभरून कौतुक केले. हे गृहस्थ आता वेलनेस कोच झाले असून आहार, झोप, श्वसन, ताणतणाव आणि ‘जीवनदृष्टी’ या साऱ्या विषयांवर बारा आठवड्यांचे मार्गदर्शन करतात. ज्याने उभी हयात शरीर राबवले, त्याच्याहून शरीर कोणाला अधिक कळणार, असा निर्मोही यांचा सवाल होता. त्या एका वाक्याने माझे डोके फिरले, म्हणून सविस्तर लिहितो.

व्यावसायिक टेनिस हा आरोग्याचा मार्ग नव्हे, तो शरीर झिजवून पैसे मिळवण्याचा व्यवसाय आहे. गुस्तावो कुएर्तेनची कारकीर्द खुब्याच्या सांध्याने संपवली. अँडी मरेच्या त्याच सांध्यात 2019 मध्ये धातू बसवावा लागला. आगासी 2006 च्या अमेरिकन ओपनमध्ये पाठीत कॉर्टिसोन या सूज-वेदना कमी करणाऱ्या औषधाची इंजेक्शने घेऊन उतरला होता. या मंडळींबद्दल मला नितांत आदर आहे, पण ‘माझ्यासारखे जगा’ असे त्यांच्यापैकी कोणी म्हणाले तर मी हात जोडून दूर होईन. शिवाय अव्वल खेळाडूच्या शरीराची खरी माहिती त्याच्या फिजिओला, आहारतज्ज्ञाला आणि डॉक्टरांना असते. खेळाडू ती पाळतो. पाळणे आणि जाणणे यांत फरक आहे.

आणि हा ‘कोच’ म्हणजे नेमका कोण? अनेक देशांत नोंदणी असल्याशिवाय आहारतज्ज्ञ म्हणवून घेता येत नाही, वेलनेस कोच मात्र कोणीही उद्या सकाळपासून होऊ शकतो. अमेरिकेत 2017 पासून या क्षेत्रासाठी राष्ट्रीय मंडळाची परीक्षा आहे, पण ती ऐच्छिक आहे. निर्मोही यांच्या आदर्शाने ती किंवा तशी कोणतीही परीक्षा दिली आहे काय?

निर्मोही:
परीक्षेचा प्रश्न रास्त आहे. त्यांना विचारून कळवीन. बाकी आपले लिखाण वाचून वाटले की खेळाडूने निवृत्तीनंतर समालोचन करावे, नाहीतर गप्प घरी बसावे, एवढेच पर्याय आपण शिल्लक ठेवले आहेत. क्रमवारीत पहिल्या शंभरांबाहेर वर्षानुवर्षे खेळणाऱ्याला प्रवास, प्रशिक्षक आणि फिजिओ यांचा खर्च भागवून हाती काय उरते, हे आपल्याला ठाऊक असेलच. पुरुषांच्या संघटनेने पहिल्या 250 जणांना किमान उत्पन्नाची हमी देण्याची योजना सुरू केली तीच मुळी 2024 मध्ये. त्याआधी निवृत्त झालेल्याने तिशी-पस्तिशीत पोटासाठी काय करायचे होते?

दुसरे असे की, त्याच्याकडे शिकवण्याजोगे काहीच नाही हे मला मान्य नाही. सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळेचा लहानसा हिस्सा. उरलेला वेळ दोन गुणांच्या मधला असतो. सर्व्हिसपूर्वी आता 25 सेकंद मिळतात. त्यात हुकलेला फटका मनातून काढायचा, रॅकेटच्या तारा सरळ करत नजर खाली ठेवायची, श्वास खाली आणायचा, पुढची सर्व्हिस कुठे टाकायची ते ठरवायचे आणि मगच रेषेवर यायचे. क्रीडामानसशास्त्रज्ञ जिम लोअर यांनी खेळाडूंच्या नेमक्या याच सवयींचा अभ्यास करून आपली पद्धत उभी केली आणि पुढे ती मोठमोठ्या व्यवस्थापकांना शिकवली. माझा थोरला भाऊ सभेत बोलायला उभा राहिला की थरथरत असे. याच गृहस्थांनी त्याला हा क्रम शिकवला आणि आज तो दोनशे माणसांपुढे निर्धास्त बोलतो. त्याला कोणत्या परीक्षेचे प्रमाणपत्र दाखवावे?

सांधेदुखी:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, तेव्हा पूर्वग्रह गृहीत धरावा. माझ्याकडे एक तरुणी आली होती, तिची नडगी दीड महिना दुखत होती. तिच्या कोचने, तेही माजी खेळाडूच, वेदना ही मनाची भाषा असते असे सांगून तिला पळवत ठेवले होते. नडगीच्या एकाच जागी बोट ठेवले की ती ओरडे. हाडाला ताणाने तडा गेला होता. खेळाडूंना दुखण्यावर मात करण्याचे शिक्षण लहानपणापासून मिळते आणि त्यांचे यश त्यावरच उभे असते, म्हणून इतरांना सल्ला देताना तोच गुण घातक ठरतो. श्वास जरूर शिकवा. नडगी आमच्याकडे पाठवा.

गव्हाविना:
चर्चा एकांगी होत आहे. जोकोविचचे उदाहरण कोणीच कसे घेतले नाही? 2010 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्सोंगाविरुद्ध तो कोसळला, ते दूरचित्रवाणीवर पाहून चेतोयेविच या डॉक्टरांनी दोष ओळखला. पुढे भेट झाल्यावर पोटाशी पावाचा तुकडा धरायला लावून त्यांनी त्याचा दुसरा हात दाबला, तर हात दुबळा पडला. त्याने ग्लूटेन, म्हणजे गव्हातले प्रथिन, सोडले आणि 2011 च्या हंगामाची सुरुवात सलग 41 विजयांनी केली, वर तीन ग्रँड स्लॅम जिंकले. एवढ्यानंतरही आपल्याला प्रमाणपत्रेच हवी असतील तर माझे बोलणे खुंटले.

शंकेखोर:
बोलणे खुंटले तर बरेच होईल, कारण पावाच्या या कथेनेच निम्म्या वेलनेस कोचांची दुकाने चालतात. हात दाबण्याच्या या चाचणीत तपासणारा आणि तपासला जाणारा या दोघांनाही हातात काय आहे ते कळू दिले नाही, तर तिची उत्तरे नाणे उडवण्याहून सरस ठरत नाहीत. हे अनेकदा तपासून झाले आहे. हात किती जोराने दाबायचा हे दाबणाराच ठरवतो, यापलीकडे त्यात गूढ नाही. त्याच काळात जोकोविचची बिघडलेली सर्व्हिस रुळावर आली आणि दुहेरी चुका (लागोपाठ दोन सर्व्हिस चुकणे) घटल्या, शिवाय 2010 च्या डिसेंबरमध्ये त्याच्या देशाने, सर्बियाने, डेव्हिस चषक ही सांघिक स्पर्धा जिंकली. या सर्वांचे श्रेय एका पावाच्या तुकड्याला द्यायचे?

गव्हाविना:
मी स्वतः चार वर्षे गहू खात नाही आणि माझे पोट, त्वचा, झोप सारे सुधारले आहे. आपण माझ्या पोटाला नाणे उडवून विचारणार आहात काय?

शंकेखोर:
आपल्या पोटाशी माझे भांडण नाही. आपल्याला सीलिॲक, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा, आजार असेल तर गहू सोडणे हाच उपचार आहे. पण तो रक्ततपासणीने आणि गरज पडल्यास आतड्याचा तुकडा तपासून ठरतो, आणि त्या तपासण्या गहू सोडण्यापूर्वी कराव्या लागतात. आधी कोचचे ऐकून गहू सोडला की तपासणी फसवी निघते. हे आपल्या कोचने आपल्याला सांगितले होते का?

गव्हाविना:
सांगितले नव्हते. पण डॉक्टरांनीही सांगितले नव्हते, कारण त्यांनी मला जेमतेम पाच मिनिटे दिली. कोचने तासभर ऐकून घेतले. या फरकावर आपण काही बोलणार, की केवळ मलाच झोडपणार?

सांधेदुखी:
या मुद्द्यावर आम्हा लोकांकडे धड उत्तर नाही. वेळ मिळत नाही हे खरे आहे आणि हे कोच त्याच फटीतून आत शिरतात.

तिसरा_सेट:
पाव पुरे झाला, ही विनंती. अमेरिकन टेनिसपटू मार्डी फिश आठवतो का कोणाला? त्याने वजन उतरवले, शिस्त आणली आणि 2011 मध्ये तो सातव्या क्रमांकावर पोहोचला. त्या वर्षी तो निवृत्त होऊन कोच झाला असता, तर निर्मोही यांनी त्याच्यावरही असाच लेख लिहिला असता. पुढच्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये फेडररशी खेळायला निघालेला फिश चिंताविकाराच्या झटक्यांमुळे वाटेतून परतला. सावरला तो मानसोपचार आणि औषधे घेऊन.

निर्मोही:
आणि त्यानंतर तो इतर खेळाडूंशी या आजाराविषयी उघडपणे बोलू लागला, हे आपण सोयीस्करपणे वगळले. त्याच्या बोलण्याला वजन आहे ते त्याने भोगले म्हणूनच. शिवाय टेनिस म्हणजे केवळ झीज, हेही अर्धसत्य आहे. कोपनहेगनच्या पाहणीत, जी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली, टेनिस खेळणाऱ्यांचे अपेक्षित आयुर्मान बैठे जीवन जगणाऱ्यांपेक्षा 9.7 वर्षांनी अधिक आढळले; बॅडमिंटनसाठी तो आकडा 6.2 होता.

तिसरा_सेट:
ते हौशी खेळाडू होते, निर्मोही, आणि ही पाहणी निरीक्षणात्मक आहे. टेनिस परवडणारी माणसे मुळातच सुस्थितीतली असू शकतात, आणि खेळामुळेच आयुष्य वाढते असा दावा संशोधकांनीही केलेला नाही. आठवड्यातून दोनदा मित्राशी खेळणे आणि वर्षभर स्पर्धांमागे धावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही आपल्या भावाचे उदाहरण मला खोडता येत नाही, तेव्हा आपले गृहस्थ सभेपूर्वीचा श्वास शिकवोत, त्याला माझी ना नाही. मात्र त्यांच्या जाहिरातीत ‘आतड्यांची शुद्धी’ आणि ‘हार्मोन्सचे संतुलन’ हेही आहे, ते त्यांनी कोणत्या कोर्टवर आत्मसात केले?

निर्मोही:
ते दोन शब्द काढून टाकावेत असे मी त्यांना कळवले आहे. परीक्षेचेही विचारले, ती दिलेली नाही, पुढील वर्षी देण्याचा विचार आहे. आपण विजयी झालात असे समजण्यास माझी हरकत नाही.

शंकेखोर:
‘विचार आहे’ हे उत्तर फी घेण्यापूर्वी ग्राहकांना दिले जाते का, तेवढे विचारून ठेवा.