लाइपझिगची सरकारी बँक अमेरिकेच्या घरकर्जात कशी काय बुडाली?

खतावणी
2007 च्या आर्थिक गोंधळाबद्दल वाचत होतो तर जर्मनीत लाइपझिगच्या झाक्सन एलबी ह्या लांडेसबँकेचं नाव आलं. मालक कोण तर जर्मनीतलं सॅक्सनी राज्य नि तिथल्या बचत बँका, म्हणजे अगदी घरगुती कारभार, आणि गाळात गेली कशापायी तर अमेरिकेतल्या घरकर्जांपायी?? ह्या लांडेसबँकांचं काम नक्की काय असतं, कोणी सांगेल का

जुना_कॅशियर
मूळ काम साधं. राज्य सरकारची बँक, शिवाय गावोगावच्या श्पारकासे म्हणजे बचत बँका असतात त्यांची वरची बँक. जर्मनीच्या एकीकरणानंतर थुरिंगिया राज्याने शेजारच्या हेसे राज्याच्या बँकेशी सूत जमवलं, सॅक्सनीला मात्र स्वतःचीच हवी होती, 1992 मध्ये काढली. तेव्हा सॅक्सनीचे अर्थमंत्री होते गेओर्ग मिलब्राट, हे नाव लक्षात ठेवा, पुढे येतंय.

सुमीत_पी
खरी गोम हमीत आहे. बँकेच्या कर्जाला राज्याची हमी, त्यामुळे पैसा स्वस्तात मिळायचा. खासगी बँकांनी ब्रसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाकडे, तक्रार केली आणि 2001 मध्ये ठरलं की 18 जुलै 2005 नंतर काढलेल्या कर्जाला हमी नाही, पण त्याआधी काढलेलं 2015 अखेरपर्यंत फिटणार असेल तर चालेल. मग काय, सगळ्या लांडेसबँकांनी त्या मुदतीत मिळेल तेवढा पैसा उचलून ठेवला! आता एवढा पैसा गुंतवायचा कुठे, घरच्या भागात तेवढे कर्जदार थोडेच होते, म्हणून मग परदेशी रोखे, त्यातच अमेरिकेतल्या घरकर्जांवर काढलेले.

खतावणी
बरं, पण रोखे पडले तर तोटा होईल, एका महिन्यात बँकच कशी आडवी होते?

सुमीत_पी
आयर्लंडमधल्या डब्लिनमुळे. बँकेच्या तिथल्या उपकंपनीने ऑर्मंड की नावाची वेगळी संस्था उभी केली होती (डब्लिनला नदीकाठच्या एका रस्त्याचं नाव आहे ते). ही संस्था थोड्या मुदतीची कागदं विकून पैसा उभा करायची आणि तो लांब मुदतीच्या रोख्यांत घालायची, जुनी कागदं फेडायला नवी विकायची, असं चक्र. बँकेच्या ताळेबंदात हे दिसायचंच नाही, पण कागदं खपली नाहीत तर पैसा बँकेने द्यायचा असा करार. ऑगस्ट 2007 मध्ये घरकर्जांच्या धास्तीने ती कागदं कोणी घेईचना. बचत बँकांच्या गटाने 17.3 अब्ज युरोची पत दिली तेव्हा कुठे श्वास घेता आला, आणि 26 ऑगस्टला श्टुटगार्टच्या एलबीबीडब्ल्यू ह्या दुसऱ्या लांडेसबँकेला बँक विकायचं ठरलं पण.

जुना_कॅशियर
आणि सॅक्सनीला वर 2.75 अब्जांची हमी द्यावी लागली, म्हणजे बँक गेली तरी राज्याची मान अडकलेलीच. अर्थमंत्री मेट्स त्याच ऑगस्टमध्ये गेले, मिलब्राट तोवर मुख्यमंत्री झाले होते, ते 2008 मध्ये पायउतार.

रोखठोक
सरकारी मालकी म्हटलं की असंच होणार

सुमीत_पी
@रोखठोक हायपो रिअल इस्टेट ही जर्मन बँक खासगीच होती की, 2009 मध्ये सरकारला ती अख्खी ताब्यात घ्यावी लागली. तिचंही दुखणं हेच, कर्ज घ्यायचं थोड्या मुदतीचं नि अडकवायचं लांब मुदतीत, आणि योगायोग म्हणजे तिचीही उपकंपनी डब्लिनलाच, डेप्फा.