मदत पाहिजे: डिव्हिजनला 18 दिवस राहिलेत आणि आमच्या पिचरचा कोपर गेला

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यात एका ज्युनिअर कॉलेजवर पीटीचा सर आहे, चार वर्षं झाली पोरांची बेसबॉलची टीम चालवायलोय. आवंदा पहिल्यांदा जिल्हा जिंकून डिव्हिजनला, म्हणजे विभागीय स्पर्धेला गेलोत, आणि आता रात्री झोप येईना म्हणून इथं लिहायलोय.

आमचा पिचर (बॅटरला बॉल टाकणारा) म्हणजे बारावीचं लेकरू, 17 वर्षांचं, उजवा हात. त्याच्यासारखा फास्टबॉल मी तरी आमच्या भागात बघितला नाही. जिल्ह्याच्या फायनलला पाचव्या इनिंगमधी एक बॉल टाकला आणि कोपर धरून तिथंच खाली बसला. म्हणला सर, आतून टचकन काहीतरी झालं. आधी वाटलं नस चढली असंल, बर्फ लावला, दोन दिवस थांबलो, पण त्याला नळाची तोटी बी फिरवता येईना. मग संभाजीनगरला नेऊन एमआरआय केला. कोपराच्या आतल्या बाजूला यूसीएल म्हणून लिगामेंट असतंय, ते अर्धवट फाटलंय. डॉक्टर म्हणले ऑपरेशनची घाई नको पण तीन महिने बॉल फेकायचा नाही, मंग बघू.

आता माझ्यापुढं तीन गोष्टी आहेत.

पहिली, टीमचं काय करू. आमची सगळी टीम त्याच्या एकट्याच्या हातावर उभी होती हे आता कळायलंय. तो स्ट्राइकआउट काढायचा, म्हणजे बॅटरला बॉल मारू न देताच बाद करायचा, बाकीची पोरं मागं उभी राहून बघायची. त्याच्यानंतर एक डावखुरा आहे, बॉल सरळ टाकतो पण जोर नाही. शॉर्टस्टॉपचा (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) हात चांगलाय पण माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, कधी चढला नाही. तिसरं कोणी नाही.

दुसरी, पोरगं स्वतः. प्रॅक्टिसला यायचंच बंद झालंय. फोन उचलत नाही. त्याच्या आईनं सांगितलं की जेवायला बी उठत नाही, भिंतीकडं तोंड करून पडून राहतंय.

तिसरी, त्याचे वडील. सोयाबीन काढणी उरकून माझ्याकडं आले, म्हणले सर, एक इंजेक्शन मारा आणि दोन मॅच खेळवा, स्टेटला गेला तर सर्टिफिकेट मिळंल, पुढं भरतीत खेळाडूच्या 5 टक्के जागा असतेत, त्याच्यासाठीच तर आम्ही पाठवतोत. आणि नाहीतर गावात एक मालिशवाले बाबा आहेत, ते हाड बसवतेत. माणूस वाईट नाही हो. पाच एकर कोरडवाहू, दोन पोरी लग्नाच्या, एकच आशा हे पोरगं. मला त्यांच्या तोंडावर नाही म्हणता आलं नाही.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. स्कोअरशीट काढून बसलो आणि अंदाज लावला. सेमीफायनल आणि फायनल एकाच दिवशी होत्या, दोन्ही मॅच मी त्यालाच टाकायला लावल्या, दोन्ही मिळून 140 च्या आसपास बॉल झाले असतील. त्याच्या आदल्या रविवारी तो गावात टेनिस बॉलच्या टुर्नामेंटला बॉलिंग करून आला होता, ते मला माहीत होतं. मी थांबवायला पाहिजे होतं.

कोणी यातून गेलं असंल तर सांगा.

जुना_कॅचर

सर, मी युनिव्हर्सिटीला कॅचर (बॅटरच्या मागं बसून बॉल धरणारा) होतो, आता बीडला नोकरीला आहे. टीमचं मी सांगतो, कोपराचं जाणकार सांगतील.

सगळ्यात आधी दुसरा 'तो' शोधायचं सोडा. 18 दिवसांत फास्टबॉल तयार होत नाही, आणि पोरं त्या नादात जोर लावायला गेली तर अजून एक कोपर जाईल. तुम्हाला एक पिचर नकोय, तीन पोरांनी मिळून वाटून घेतलेली मॅच पाहिजे. हे वरच्या लेव्हलला बी करतेत. 2018 मधी अमेरिकेतल्या टँपा बे रेज टीमनं सर्जियो रोमो नावाच्या शेवटच्या इनिंगवाल्या पिचरला पहिल्या इनिंगला उतरवलं आणि मग लगेच बदललं, तिथून ओपनरची पद्धत चालू झाली. 2024 ला तिथल्याच डॉजर्स टीमचे निम्मे पिचर दुखापतीनं घरी बसले होते, तरी पादरेसच्या विरुद्ध हरले तर घरी जायचं अशा मॅचमधी त्यांनी आठ पिचर वापरले आणि 8-0 नं जिंकले. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली सगळ्यात मोठी फायनल बी घेतली.

याच्यामागचं कारण साधं आहे. समोरचा बॅटर तुमच्या पिचरला पहिल्यांदा बघतो तेव्हा चाचपडतो, दुसऱ्यांदा अंदाज येतो, तिसऱ्यांदा धुतो. म्हणून नऊ बॅटर एकदा फिरून आले की पिचर बदला, तो चांगला टाकत असला तरी बदला. डावखुऱ्यानं सुरुवात करा, त्याच्या मंद बॉलची सवय झाली की शॉर्टस्टॉप आणा, त्याचा बॉल लगेच जोरात वाटंल. शॉर्टस्टॉप माउंडवर गेल्यावर त्याच्या जागी कोण ते आजच ठरवा आणि दोन्ही लाइनअपनं प्रॅक्टिस घ्या, ऐन मॅचमधी पोरं एकमेकाकडं बघत राहतेत आणि बॉल मधून निघून जातो.

तिसरं पोरगं शोधायचं तर क्रिकेटचा बॉलर घेऊ नका, त्याला हात सरळ ठेवून टाकायची सवय असते. बाउंड्रीवरून विकेटकीपरच्या हातात सपाट थ्रो मारणारं पोरगं बघा. नाहीतर भालाफेकीचं. रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, ज्यांना 2008 मधी पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन टीमनं घेतलं, ते दोघंबी भालाफेकवालेच होते, त्याआधी बेसबॉल हातात बी धरला नव्हता.

आणि खरं काम फिल्डिंगचं आहे. आतापर्यंत तुमची पोरं उभी राहून बघत होती, आता प्रत्येक बॅटर बॉल मारणार आहे. डावखुऱ्याला सांगा गुडघ्याच्या उंचीवर टाक आणि मारू दे, वॉक देऊ नको (चार बॉल बाहेर गेले की बॅटरला फुकट बेस मिळतो). बॉल जमिनीवरून जायला पाहिजे. रोज शंभर तरी ग्राउंडर घ्या, बंटवर (बॅट आडवी धरून हळूच ढकललेल्या बॉलवर) कोण पळणार, फर्स्ट बेस कोण झाकणार, हे पाठ झालं पाहिजे. माउंड कशाचा आहे तुमचा? काळ्या मातीचा असंल तर मुरूम टाकून दाबून घ्या. पाय सरकला की सगळा भार हातावर येतो.

फिजिओ_लातूर

सर, मी फिजिओथेरपिस्ट आहे. बाकी ट्रीटमेंट त्याचे डॉक्टर सांगतील तीच, पण तीन गोष्टी ठामपणे सांगते.

मालिश अजिबात नको. फाटलेल्या लिगामेंटवर दाब देऊन ओढलं तर अर्धवट फाटलेलं पूर्ण फाटू शकतं. वडिलांना 'बाबा खोटे' असं म्हणू नका, त्यांना वाईट वाटेल. एमआरआयची फिल्म उजेडात धरून दाखवा, दोरी कुठं तुटत आलीये ते बोटानं दाखवा. शेतकरी माणसाला दावं झिजलेलं असलं की बैलाला जोर लावू द्यायचा नसतो हे सांगावं लागत नाही.

दुखणं मारायचं इंजेक्शन घेऊन खेळवणं तर त्याहून वाईट. दुखणं हीच एक गोष्ट त्याला थांबवतेय. ती बंद केली तर तो पूर्ण जोरानं टाकेल. बॉल फेकताना कोपराच्या आतल्या बाजूवर जो ताण येतो तो हेच लिगामेंट झेलतं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात का विचारा. येत असतील तर तीन महिन्यांची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडं न्या, तिथून नस जाते.

तिसरं, अर्धवट फाटलेलं बऱ्याच वेळा ऑपरेशनशिवाय बरं होतं, पण आराम म्हणजे नुसतं पडून राहणं नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं की खांदा, पाठ, मांड्या, पोटाचे व्यायाम चालू होतात. पिचरचा जोर पायातून येतो, हातातून कमी. नंतर फेकणं चालू करायचं ते बी जवळून, हळू, दिवसाआड, आणि दुखलं की एक पायरी मागं.

त्या लेकराला टॉमी जॉनची गोष्ट सांगा. डॉजर्सचा पिचर, 1974 ला त्याचं हेच लिगामेंट पूर्ण गेलं. तोपर्यंत हे झालं की पिचरचं करिअर संपायचं. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हाताचा टेंडन काढून कोपरात बसवला. 1975 चं पूर्ण वर्ष तो मॅच खेळला नाही, 1976 ला परत आला आणि 1989 पर्यंत खेळला. एकूण 288 मॅच जिंकल्या, त्यातल्या 164 ऑपरेशननंतरच्या.

आणि सर, तुम्ही जे शेवटी लिहिलंय त्याबद्दल. अमेरिकेत लहान खेळाडूंसाठी पिच स्मार्ट म्हणून नियम आहेत. 17-18 वर्षांच्या पोरानं एका दिवसात जास्तीत जास्त 105 बॉल, आणि 81 किंवा जास्त टाकले की चार दिवस सुट्टी. एकाच दिवशी पिचर आणि कॅचर दोन्ही करायचं नाही. हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. आता माहीत झालंय, तर त्या डावखुऱ्यापासून मोजायला लागा.

दुधनाकाठ

ताई, दादा, दोघांचे लई आभार. माउंड काळ्या मातीचाच आहे, पाऊस पडला की चिखल आणि वाळला की भेगा. उद्या एक ट्रॉली मुरूम सांगतो.

105 चा आकडा वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही.

एक विचारायचंय. टीममधलं एक पोरगं म्हणालं सर, डॉजर्सच्या ओहतानीनं (तो पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करतो) कोपराचं ऑपरेशन झाल्यावर 2024 ला पूर्ण सीझन नुसती बॅटिंग केली, 54 होमरन मारले, मग आपल्या भावाला बी डीएच म्हणून नुसतं बॅटिंगला उतरवा की. पोरं सगळी आशेनं बघायलेत. चालंल का?

फिजिओ_लातूर

सर, नाही. ओहतानीचं ऑपरेशन सप्टेंबर 2023 ला झालं आणि तो मार्च 2024 ला बॅटिंगला उतरला, म्हणजे मधी सहा महिने गेले. कोपर दुरुस्त झालेला होता आणि मागं डॉक्टरांची फौज होती. तुमच्या लेकराचं लिगामेंट आज फाटलेलं आहे आणि दुखापत होऊन महिनासुद्धा झालेला नाही. डॉक्टर लेखी हो म्हणतील तोपर्यंत बॅट बी नको.

गोदाकाठ

मी नांदेडचा. बेसबॉलमधलं मला काही कळत नाही पण धागा वाचून राहवलं नाही.

मी फास्ट बॉलर होतो. 19 वर्षांचा असताना खांदा दुखायचा, टुर्नामेंटची फायनल होती, एका ओळखीच्या माणसानं सुई टोचून आणली आणि मी दहा ओव्हर टाकल्या. जिंकलो. ढोल वाजले, खांद्यावर उचललं. त्या दिवसानंतर आजपर्यंत माझा उजवा हात डोक्याच्या वर सरळ जात नाही. आज 41 चा आहे. पोरीला खांद्यावर घेता आलं नाही कधी. त्या पोराच्या वडिलांना माझा नंबर द्यायचा असंल तर मेसेज करा, मी बोलतो त्यांच्याशी. पाहिजे तर गाडी काढून येतो, दोन तासाचा रस्ता आहे.

आणि पोराचं म्हणाल तर मला खांद्यापेक्षा जास्त काय दुखलं सांगू का, त्यानंतर टीममधल्या कोणी मला बोलावलंच नाही. वाईट म्हणून नाही, त्यांना वाटायचं मला वाईट वाटंल. सर, त्याला घरी जाऊन उठवा. फोन नका करू, जा. त्याला काम द्या, खरं काम, पाणी वाटायचं नाही. त्या डावखुऱ्याला शिकवायचं काम त्याचंच असू द्या. बुमराहची पाठ गेली म्हणून तो 2025 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीला नव्हता, तरी आपण दुबईला फायनल जिंकलो. वरुण चक्रवर्तीनं स्पिन टाकून मॅच काढल्या, बुमराहसारखं यॉर्कर टाकायला कोणी गेलं नाही. हे दोघांना एकत्र बसवून सांगा, म्हणजे डावखुऱ्याला बी कळंल की त्याला त्याचंच टाकायचंय.

दुधनाकाठ

मंडळी, चार दिवसांनी लिहायलोय.

घरी गेलो होतो. फिल्म खिडकीत धरून वडिलांना दाखवली. बराच वेळ बघत राहिले. मग गोदाकाठ भाऊंशी फोनवर बोलले, मी बाहेर ओट्यावर बसलो होतो, आत काय बोलणं झालं माहीत नाही. बाहेर आले आणि म्हणले सर, नाही खेळवायचं. मालिशचं नाव काढलं नाही. मी बी त्यांना सांगितलं की एका दिवसात दोन मॅच टाकायला लावल्या ही माझी चूक होती. ते काही बोलले नाहीत, चहा दिला.

लेकरू तिसऱ्या दिवशी ग्राउंडवर आलं, हात पट्ट्यात. मी त्याला वही दिली आणि सांगितलं प्रत्येक बॉल मोजायचा, साठला पोचला की मला हात वर करून दाखवायचा, मी विसरलो तर ओरडायचं. पहिल्या दिवशी नुसतं मोजलं. काल मात्र उठून डावखुऱ्याजवळ गेलं आणि डाव्या हातानं बॉल धरून दाखवायलं, बघ असा तळहातात खोल धर, हात तेवढ्याच जोरात फिरव, बॉल आपोआप मंद जातो. चेंजअप. मला माहीत बी नव्हतं त्याला येतो म्हणून, आमच्याकडं कधी गरजच पडली नाही. डावखुऱ्यानं वीसातले सात-आठ बरोबर टाकले. शॉर्टस्टॉप बी चढला माउंडवर, पहिले दहा बॉल कॅचरच्या डोक्यावरून गेले, मग बसायला लागलं. भालाफेकीची दोन पोरं बोलावलीत पण ती पुढच्या वर्षासाठी.

मुरूम टाकला. ग्राउंडर रोज शंभर चालू आहेत, पोरांच्या नडग्या सोलून निघाल्यात पण कोणी कुरकुर करत नाही.

आता अजून एक मदत पाहिजे. आमचा डावखुरा आतापर्यंत उजव्या हातानं फेकणाऱ्यांचा ग्लोव्ह उलटा घालून खेळायलाय, राइटफिल्डला चालून जायचं, पण माउंडवर अंगावर आलेला बॉल त्याला धरताच येत नाही, परवा छातीवर बसला. उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह परभणीत कुठंच नाही, ऑनलाइन मागवला तर डिव्हिजनच्या आधी येईल का खात्री नाही. संभाजीनगर, लातूर, नांदेड कुठंबी कोणाकडं जुना पडून असंल तर दोन आठवड्यांसाठी द्या, मी स्वतः येऊन घेऊन जातो आणि मॅच झाल्यावर आणून देतो.