'काइंड ऑफ ब्लू' आणि एका टेकची दंतकथा

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अख्खा अल्बम पहिल्याच टेकमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या पहिल्याच प्रयत्नात झाला, असं कुणी कुणी म्हणतं. अगदी तसं नाही. या समजुतीचं मूळ बहुधा पियानोवादक बिल एव्हान्सने कव्हरवर लिहिलेल्या टिपणात असावं. अल्बममधल्या 'फ्लॅमेंको स्केचेस' या रचनेचा पहिला टेक पूर्ण झाला होता, पण अल्बमवर गेला तो सहावा. दोन्ही आज ऐकायला मिळतात, जरूर ऐका. या रचनेत पाच स्केल (स्वरमालिका) ठरलेल्या, प्रत्येकीवर किती वेळ थांबायचं ते वाजवणाऱ्याच्या मर्जीवर. त्यामुळे सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेन दोन्ही वेळा निराळा ऐकू येतो.

आणखी एक गंमत. रेकॉर्डिंग न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या, पूर्वी चर्च असलेल्या स्टुडिओत, १९५९ च्या २ मार्च आणि २२ एप्रिलला झालं. मार्चमध्ये मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं, म्हणून नेहमीच्या वेगाने लावल्यावर तेव्हा वाजवलेली रेकॉर्डची पहिली बाजू मूळ वादनापेक्षा जरा चढ्या स्वरात वाजायची! १९९२ मध्ये दुसऱ्या मशीनवरची राखीव टेप वापरून हे दुरुस्त केलं. जुनी एलपी असेल तर त्या बाजूवरचं 'सो व्हॉट' नव्या आवृत्तीशी ताडून बघा. मला मात्र ती जुनी, चढीच आवडते. सवय, दुसरं काय!