कोर्टानं सांगितलंय म्हणं

बी-२०३: (फॉरवर्डेड) सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल! बिल्डरला पार्किंग विकता येणार नाही!! सगळ्यांनी वाचा.

ए-४०१: मग मी अडीच लाख मोजलेत त्याचं काय? पावती हाय माझ्याकडं.

बी-२०३: पावतीला काय करायचंय, कोर्टानंच सांगितलंय. आजपासून जो आधी येईल त्याची जागा.

सेक्रेटरी: वकीलसाहेब, जरा बघता का? कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून ग्रुपवर वकील फार झालेत.

वकीलसाहेब: निकाल खरा आहे, पण ताजा नाही. ३१ ऑगस्ट २०१०, नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी. मोफा, म्हणजे राज्याच्या फ्लॅटविक्रीच्या कायद्यात फ्लॅटबरोबर गॅरेज विकता येतं. पण खांबांमधली उघडी जागा, म्हणजे आपलं स्टिल्ट, हे गॅरेज नव्हे, ती सगळ्यांच्या सामाईक मालकीची, असं कोर्ट म्हणालं. आपली बिल्डिंग रेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नव्या कायद्याच्या आधीची, म्हणून आपल्याला हे लागू पडतं. महारेरात नोंद असलेल्या नव्या प्रकल्पात मात्र छपराखालचं पार्किंग विकता येतं, उघड्यावरचं नाही. तेव्हा हा मेसेज उजळाईवाडीच्या नव्या स्कीममधल्या पाहुण्यांना पाठवू नका.

ए-४०१: आणि माझे अडीच लाख?

वकीलसाहेब: ते बिल्डरकडं मागायचे. तो वेगळा दावा, त्यात मुदतीचाही प्रश्न येतो, कागद घेऊन घरी या. पण "जो आधी येईल त्याची" असं निकालात कुठंही नाही. वाटप सर्वसाधारण सभेत होतं, ग्रुपवर नव्हे.

ए-१०३: ते कुत्र्यांचं पण बघा की. सगळी उचलायला सांगितल्यात म्हणं.

वकीलसाहेब: ११ ऑगस्ट २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा तो आदेश दिल्ली आणि आसपासचा. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी बदलला: नसबंदी, लस करून उचललं तिथंच सोडायचं. पिसाळलेलं, चावरं असेल तर नाही. नोव्हेंबरमधला आदेश शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन असल्या जागांचा. आपलं गेट त्यात बसत नाही. मात्र चपात्या वाटेल तिथं टाकायच्या नाहीत, जागा ठरवून द्यायची.

ए-१०३: हे बी-२०३ नं मोठ्यानं वाचावं.

सी-१०२ काकू: वकीलसाहेब, मी काय म्हणतो, माझे वडील १९९८ ला गेले. भाऊ म्हणतोय, मुलींना हिस्सा द्यायचा कायदा २००५ चा, तुला शेतात हिस्सा नाही. हक्कसोडपत्रावर सही कर, दिवाळीला साडी घेतो.

वकीलसाहेब: काकू, तोच गैरसमज ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टानं काढला. मुलीचा हक्क जन्मानं, २००५ ला वडील हयात असायची अट नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा वाटपाचा हुकूम झाला असेल तर गोष्ट वेगळी. झालंय का तसं काही?

सी-१०२ काकू: कसलं काय. तोंडीच "हे तुझं, हे माझं" केलंय दोघा भावांनी.

वकीलसाहेब: नुसत्या तोंडी वाटणीवर कोर्ट सहजी विश्वास ठेवत नाही. सातबारा आणि फेरफाराचे उतारे काढा आधी. हक्कसोडपत्र मात्र नोंदवून दिलंत की मोडायला जन्म जातो.

सेक्रेटरी: पार्किंग वाटपाचा विषय सभेच्या अजेंड्यावर घेतोय. नोटीस उद्या लावतो.

सी-१०२ काकू: भाऊ आत्ताच फोन करायला लागलाय. उचलू नको?

वकीलसाहेब: उचला की. दुय्यम निबंधकाकडं मात्र जाऊ नका.