मदत हवी आहे: काम मधेच तुटलं की परत धागा कसा पकडता?

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच स्वतःचा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात आयटीत आहे, १४ वर्षं झाली, बहुतेक सगळी जावा बॅकएंडमधे. आठवड्यातले दोन दिवस हिंजवडी, तीन दिवस घरून. हे एवढ्यासाठी सांगितलं की "फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, २५ मिनिटांचा टायमर लावा" वगैरे सगळं करून झालंय. टायमर लावला की त्यातली वीस मिनिटं मगाशी आपण नक्की कुठे होतो हे आठवण्यातच जातात आणि मग तो वाजतो.

उदाहरण देते म्हणजे कळेल. २९ डिसेंबर, सोमवार. सकाळी क्लायंटची मेल, फाइलमधे तारखा पुढच्या वर्षाच्या पडतायत, २९-१२-२०२५ च्या जागी २९-१२-२०२६. निम्मी टीम सुट्टीवर त्यामुळे ते माझ्याच गळ्यात. लॉग (सिस्टिमच्या आपोआप पडणाऱ्या नोंदी) काढले तर शनिवारी २७ ला सगळं बरोबर आणि रविवारी २८ पासून चूक. कोडला तीन महिने कोणी हात लावलेला नाही, सर्व्हर तोच, म्हणजे बदलला तो फक्त वार. इथपर्यंत मी आले होते, "रविवारी असं काय सुरू होतं?" एवढा प्रश्न डोक्यात तयार होता आणि तेवढ्यात टीममधल्या एका मुलाचा मेसेज, दोन मिनिटं बोलू का. त्या दोन मिनिटांची पस्तीस झाली, मधे गॅस सिलिंडरवाला आला (आईचं म्हणणं, तू घरीच आहेस ना, मग ओटीपी तूच सांग), मग स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग). परत येऊन बसले तर समोर अकरा टॅब, टर्मिनलमधे अर्धवट टाइप केलेली कमांड, आणि मला खरंच आठवेना की मी ती कशासाठी लिहीत होते.

मग काय, पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे तारीख चुकली की पहिला संशय आपल्या आणि जागतिक वेळेतल्या त्या साडेपाच तासांच्या फरकावर, त्यामुळे संध्याकाळपर्यंत टाइमझोनच खणत बसले. रात्री साडेनऊला अमेरिकेचा कॉल (उन्हाळ्यात तोच साडेआठला असतो, त्यांची घड्याळं मागेपुढे होतात आणि आमची जेवणं), तो संपल्यावर अकराला सापडलं. तारखेच्या फॉरमॅटमधे वर्षासाठी चारही वाय कॅपिटल लिहिलेले. जावात स्मॉल वाय म्हणजे साधं कॅलेंडरचं वर्ष, आणि कॅपिटल वाय म्हणजे तो आठवडा ज्या वर्षाच्या खात्यात धरतात ते वर्ष. अमेरिकन सेटिंगमधे आठवडा रविवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात १ जानेवारी येतो तो अख्खा नव्या वर्षात जमा होतो. १ जानेवारी गुरुवारी, म्हणून रविवार २८ डिसेंबरपासूनच २०२६ लागलं. हे कोड फेब्रुवारीत लिहिलेलं, त्यामुळे बिचाऱ्याने डिसेंबर पहिल्यांदाच बघितला. फिक्स फक्त चार अक्षरांचा! सकाळी सव्वाअकराला मी त्याच्या उंबऱ्यावर उभी होते हो.

यावर मी काय केलं, तर नवीन टूल शोधलं. आयटीवाल्यांना दुसरं सुचत नाही. आधी नोंदींसाठी नोशन हे ॲप होतं, मग साध्या टेक्स्ट फाइली बऱ्या म्हणून ऑब्सिडियनवर गेले, आणि जानेवारीत ईमॅक्स या एडिटरमधला नोंदींचा ऑर्ग मोड. हा ऑर्ग मोड २००३ मधे एका खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या नोंदींसाठी लिहायला घेतला होता, त्याला रोज सकाळी स्टँडअप नसावा असा माझा दाट संशय आहे. त्यात प्रत्येक कामाला घड्याळ लावता येतं, छान वाटतं, पण तीन शनिवार-रविवार कॉन्फिग आणि रंग ठरवण्यात गेले आणि चौथ्या सोमवारी घड्याळ चालू करायलाच विसरले.

शेवटी मुलाच्या गेल्या वर्षीच्या फुलस्केप वहीची उरलेली पानं घेतली. काम थांबलं की वेळ आणि कारण, एक ओळ, बस. दोन आठवडे केलं. एका मंगळवारचं पान समोर आहे: १७ वेळा थांबले, आणि सलग कोडवर बसलेला वेळ सगळा मिळून १ तास ५० मिनिटं. मी खुशीत होते की चला, आता मॅनेजरला दाखवायला पुरावा मिळाला. पण कारणं मोजली तर १७ पैकी ९ वेळा कोणी हाकच मारलेली नव्हती. बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार होणं) चालू होता म्हणून स्लॅक (ऑफिसचं चॅट) उघडलं, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या) चालू होत्या म्हणून व्हॉट्सॲप. आणि आता एआयला काम सांगितलं की ते लिहीपर्यंतचं एक दीड मिनिट, त्यात मी साड्यांच्या सेलमधे. ते पान मॅनेजरला दाखवलेलं नाही.

एआयबद्दल वेगळा वाद नकोय, मी रोज वापरते. पण एमईटीआर या संस्थेने २०२५ मधे १६ अनुभवी ओपन सोर्सवाल्यांना त्यांच्याच प्रोजेक्टमधली २४६ कामं देऊन मोजलं, काही एआय घेऊन, काही न घेता. त्या लोकांना वाटलं की आपण साधारण २० टक्के वेगाने केलं आणि प्रत्यक्षात १९ टक्के जास्त वेळ लागला होता. माणसं थोडी आहेत, टूल्सही तेव्हाची, मान्य. मला त्यातलं "वाटलं" तेवढं घरचं वाटलं, कारण वही लिहायच्या आधी मला कोणी विचारलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं की दिवसाला पाच तास तरी कोड लिहिते.

तर मदत अशी हवी आहे. व्यत्यय बंद कसे करायचे हे विचारत नाहीये, घरात आई आहे, मुलगा आहे, टीम आहे, ते होणार. तुटल्यावर पाच मिनिटांत परत त्याच जागी कसे येता? कुठे लिहिता, काय लिहिता, आणि हाक आली की लिहायला तेवढा वेळ कुठून काढता? नवीन ॲप सुचवू नका, प्लीज, मी लगेच डाउनलोड करेन.

प्रतिसाद

ताई, तुमचा गिट स्टॅश (अर्धवट बदल बाजूला ठेवायची जागा) बघा बरं एकदा, किती पडलेत? माझे १४ होते, सगळ्यांची नावं डब्ल्यूआयपी (म्हणजे काम चालू आहे), कुठलं कशाचं देव जाणे. मी आता वर्कट्री वापरतो. २०१५ पासून गिटमधेच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. दुसऱ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) अर्जंट काम आलं की तिचा वेगळा फोल्डर उघडतो आणि आधीचा पसारा आहे तसाच राहतो, उघड्या फाइली, अर्धवट ओळ, सगळं. ओट्यावरची कणीक तशीच झाकून दुसऱ्या ओट्यावर पोहे करण्यासारखं आहे.

प्रतिसाद

संध्याकाळी उठताना एक टेस्ट मुद्दाम फेल ठेवून उठायचं. सकाळी रन केली की लाल अक्षरात तीच सांगते, बाई इथून सुरू कर. दिवसा मधेच उठावं लागलं तर मी कोडमधेच साधं मराठी वाक्य टाइप करतो, कॉमेंट नाही, नुसतं वाक्य. कंपाइल होतच नाही, म्हणजे प्रोग्रॅम तयारच होत नाही, त्यामुळे चुकून पुढे जाण्याची भीती नाही. एकदा रिव्ह्यूला "इथे गडबड आहे जेवून बघतो" अशी ओळ गेली होती, ते सोडा.

प्रतिसाद

मॅनेजरला सांगा, सकाळी दोन तास मीटिंग नकोत म्हणून. बाकी सगळे प्रकार म्हणजे छप्पर गळतंय म्हणून रोज नवी बादली आणायची.

प्रतिसाद

मी आयटीतली नाही, त्यामुळे अर्धं डोक्यावरून गेलं, पण प्रश्न कळला. मी विणकाम करते, ६१ वय आहे. ओळीच्या मधे कधी उठायचं नाही, टाके सुईवरून निसटतात आणि विणीचा घट्टपणाही बदलतो. ही माझ्या सासूबाईंची शिस्त. नातू रडला तर मात्र उठावंच लागतं, तेव्हा मी शेवटच्या टाक्यात लाल दोरा अडकवते. त्याला दोन सेकंद लागतात. किती झालं ते दोरा सांगत नाही, पुढचा टाका कुठला तेवढं सांगतो. तुम्ही काय केलं ते लिहीत बसता का? पुढे काय करणार होता ते लिहा की.

धागाकर्तीचा प्रतिसाद, दहा दिवसांनी

सगळ्यांचे आभार. बादलीवाले दादा, मॅनेजरला विचारलं. सकाळचे दोन तास मिळाले, मंगळवार आणि गुरुवार. पहिल्या गुरुवारी त्यांनीच त्यात मीटिंग टाकली, पण दुसरा बरा गेला.

वर्कट्री सुरू केली, आवडली. स्टॅश माझे २२ निघाले.

पण काकू, तुमचा लाल दोरा डोक्यात बसला. वही काढून परत बघितली तर खरंच, सगळं झालेलं लिहिलंय. "लॉग बघितले." "सर्व्हर चेक केला." पुढचं कुठेच नाही. आता कीबोर्डशेजारी पाठकोरे कागद कापून ठेवलेत आणि हाक आली की "आले" म्हणायच्या आधी फक्त पुढचा प्रश्न लिहिते. परवाचा कागद: "रिट्राय (फसलेलं काम पुन्हा करून बघणं) तीनदाच का होतो, चौथा कोण अडवतं?" त्यावर चाळीस मिनिटं गेली, परत आले, वाचलं, आणि चक्क तिथूनच सुरू झालं. टेस्ट फेल ठेवण्यापेक्षा मला हे सोपं जातं, कारण बग शोधताना मुळात टेस्ट कुठली लिहायची तेच माहीत नसतं.

त्या नऊ स्वतःच्या व्यत्ययांना मात्र हे लागू पडत नाहीये. बिल्ड लावला की हात आपोआप स्लॅककडे जातो, तिथे कोणी हाकच मारत नाही तर "आले" कोणाला म्हणू आणि कागद कधी लिहू? बिल्ड चार मिनिटांचा आहे, कमी करायचं चाललंय, पण लगेच होणार नाही. त्या चार मिनिटांत तुम्ही काय करता? काकू, लोकर संपली आणि दुकान बंद असलं की तुम्ही काय करता?