मुलगी पुन्हा पुन्हा खपल्या काढते. हे मुद्दाम म्हणावे का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली):
माझी मुलगी बारावीला आहे. वर्षभरापासून तिच्या डाव्या दंडावर आणि हनुवटीवर बारीक जखमा असून त्या भरत आल्या की ती नखाने खपली काढते. वाचताना तिची बोटे दंडावरची खडबडीत जागा आपोआप शोधत राहतात आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसतात. त्वचारोगतज्ज्ञांनी खरूज नसल्याचे सांगून मलम दिले. मी रागावले, तिची नखे कापली, तरीही फरक नाही. घरातले म्हणतात की ती लक्ष वेधून घेण्यासाठी हे करते. खरोखर तसे असते का?

प्रतिसाद (मिरज, मानसोपचार विभागात परिचारिका):
ताई, तुम्ही लिहिले आहे त्यावरून हे नाटक वाटत नाही. त्वचा खरवडण्याच्या या विकाराला अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले असून तो मंत्रचळाशी (तोच विचार किंवा कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराशी) संबंधित विकारांमध्ये मोडतो. मनावर ताण साचतो, बोट खपलीवर जाते, ती निघताच क्षणभर मोकळे वाटते, मग डाग पाहून लाज वाटते आणि त्या लाजेतूनच पुन्हा ताण येतो. म्हणून रागावण्याने हे चक्र थांबत नाही, उलट वेग घेते. कित्येकदा तर हात कधी गेला हे त्या व्यक्तीला कळतही नाही. याहून वेगळा असा एक प्रकार असतो, ज्यात रुग्ण स्वतः जखमा करतो पण ते नाकारतो, आणि जखमा हात पोचेल तिथेच, कधी सरळ कडांच्या, अचानक उमटलेल्या दिसतात. त्यातही पकडल्यासारखी उलटतपासणी केली तर रुग्ण उपचारच सोडून जातो. निदान मात्र डॉक्टरांनीच करावे.

प्रतिसाद (कराड):
मी स्वतः कॉलेजात असताना यातून गेले आहे, म्हणून कळकळीने लिहिते. समुपदेशकांनी मला आठवडाभर फक्त वेळ, जागा आणि मनःस्थिती लिहून ठेवायला सांगितले, तेव्हा माझा हात बहुतेक वेळा परीक्षेच्या आदल्या रात्री आणि आरशासमोर चेहऱ्याकडे जातो हे लक्षात आले. हात उचलला जाऊ लागला की मूठ आवळून धरायची, हा १९७३ पासून वापरात असलेल्या सवयबदल पद्धतीचा भाग आहे. मी मुठीत चिंचोका धरत असे. जखमेवर पट्टी लावल्याने खपली बोटाला लागत नसे. आईने "पुन्हा केलंस?" असे विचारणे सोडले, त्याचा मला सर्वांत जास्त आधार वाटला.

प्रतिसाद (सातारा):
केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून मराठीतही बोलता येते. जखमेत पू झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. मुलगी जगण्याविषयी निराशेने बोलू लागली, तर तिला एकटे न ठेवता तातडीने मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे.

मूळ प्रश्नकर्ती:
आपणा सर्वांची आभारी आहे. मी रोज रात्री बॅटरी घेऊन तिचा दंड तपासत असे. ते आजपासून बंद करते. मलमाबरोबर पट्टीही आणली आहे, ती तिची तिनेच लावावी असे ठरवले आहे.