न्यायदालनातील कॅमेरा आणि दूरचा पक्षकार
सुनावणीच्या थेट प्रक्षेपणासाठी न्यायदालनात कॅमेरा आला की वकील न्यायमूर्तींपेक्षा प्रेक्षकांसाठी बोलू लागतील, ही शंका निराधार नाही. तरीही तेवढ्यासाठी दार बंद ठेवणे मला पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी स्वप्नील त्रिपाठी प्रकरणात थेट प्रक्षेपणाला मान्यता दिली, पण घटनापीठांच्या (राज्यघटनेच्या महत्त्वाच्या प्रश्नांसाठी बसणाऱ्या पाच किंवा अधिक न्यायमूर्तींच्या पीठांच्या) सुनावण्या प्रत्यक्ष दिसू लागल्या त्या २७ सप्टेंबर २०२२ पासून. पुढे शिवसेनेच्या वादाची सुनावणी आम्ही येथे कोल्हापुरात घरी बसून ऐकली, आणि राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टावरचा, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदींवरचा तो संथ, क्लिष्ट युक्तिवाद बातम्यांतल्या आरडाओरड्यापेक्षा किती वेगळा असतो हे प्रथमच जाणवले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुख्य पीठाबाहेर बसणारे पीठ) कोल्हापुरात सुरू होईपर्यंत आमच्या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांना मुंबई गाठावी लागे. दिल्ली तर त्याहून कितीतरी दूर. खरा धोका मला प्रक्षेपणापेक्षा त्यातून कापून फिरवल्या जाणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत दिसतो, कारण न्यायमूर्तींनी विचारलेला एखादा प्रश्नच निकाल म्हणून पसरतो. म्हणून संपूर्ण चित्रफीत व तिचे शब्दांकन न्यायालयानेच कायम उपलब्ध ठेवावे. वैवाहिक वाद आणि लैंगिक अत्याचाराची प्रकरणे मात्र प्रक्षेपणाबाहेरच असावीत.